केल्टिक प्रदेशांची कोच टूर: ७१ वर्षांच्या आईला घेऊन कोणती निवडावी?

अबोली

नमस्कार मंडळी,

पुढच्या मे महिन्यात आईला घेऊन आयर्लंड-स्कॉटलंड-वेल्सला जायचा विचार आहे. आई ७१ वर्षांची. तिने बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर ती भाषांच्या इतिहासात रमली, आणि आयरिश, वेल्श या भाषा दूरच्या नात्याने आपल्या मराठीच्याच कुळातल्या आहेत हे वाचल्यापासून तिने एकच धरून ठेवलंय: "मला त्या लोकांना बोलताना ऐकायचंय." किल्ले-बिल्ले तिला फारसे नकोत.

तिचा उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर अर्धा तास चालते, जिने मात्र सावकाश. तिथल्या अरुंद रस्त्यांवर गाडी चालवायची माझी तयारी नाही, म्हणून टूर लीडर सोबत असलेली कोच टूर. दोन पर्याय समोर आहेत:

पहिली १४ दिवसांची. डब्लिन, किलार्नी, गॉलवे, बेलफास्ट, ग्लासगो, स्काय, इन्व्हरनेस, एडिनबरा आणि परतताना वेल्स.

दुसरी ११ दिवसांची. आयर्लंड, त्यात उत्तरेचा जायंट्स कॉजवे (समुद्रकाठचे दगडी खांब), आणि शेवटी बोटीने उत्तर वेल्स.

किमतीत फारसा फरक नाही. नकाशा पाहिला की पहिलीच घ्यावीशी वाटते, एवढ्या लांब गेल्यावर तिन्हीपैकी एक देश का सोडायचा? पण आईला झेपेल का? बसमध्ये स्वच्छतागृहाची सोय कशी असते? आम्ही दोघी शाकाहारी. आणि मुख्य म्हणजे भाषा खरंच कानावर पडेल, की एका संध्याकाळी हॉटेलात नाचगाणं दाखवून "हे घ्या केल्टिक" म्हणून मोकळे होतील?

नीलमोहर

अबोली, वयाने बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. मी दोन्ही प्रकार केलेत. आधी मिस्टरांबरोबर १३ दिवसांत तिन्ही देश, आणि चार वर्षांनी नणंदेबरोबर फक्त आयर्लंड आणि थोडं वेल्स.

तुझ्या आईसाठी दुसरी घे. आणि नकाशा आता मिटून ठेव. एक कागद घे आणि कुठल्या गावी किती रात्री मुक्काम आहे, एवढंच लिहून काढ. कोच टूर अशीच निवडायची, रात्री मोजून.

आमच्या पहिल्या सहलीत १३ दिवसांत ९ हॉटेलं होती. एका रात्रीचा मुक्काम म्हणजे काय ते सांगते. सकाळी पावणेसातला बॅग खोलीच्या दाराबाहेर ठेवायची, सातला नाश्ता, आठला बस सुटणार. संध्याकाळी पुन्हा नवी खोली, दिव्यांची बटणं शोधा, गरम पाणी कुठल्या बाजूला फिरवलं की येतं ते शोधा. तिसऱ्या दिवशी मिस्टरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेत राहिल्या आणि बॅग बसच्या पोटात गेली. टूर लीडर भला माणूस, त्याने बस थांबवून सगळ्या बॅगा बाहेर काढायला लावल्या. चाळीस माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती. मिस्टर त्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मोहरचे कडे आहेत, तिथे आम्हाला ५० मिनिटं मिळाली. कडे जवळजवळ आठ किलोमीटर पसरलेत, सर्वांत उंच ठिकाणी २१४ मीटर. आम्ही पोचलो तेव्हा नुसतं पांढरं धुकं, कठड्याच्या पलीकडे काहीच नाही, फक्त खालून समुद्राचा आवाज. बसपासून वर चालत जायला वेळ गेला, स्वच्छतागृहाच्या रांगेत वेळ गेला. उरलेल्या वेळात आम्ही त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत उभे. परत फिरायची वेळ झाली आणि मधूनच धुकं फाटलं. काळा खडक, थरांवर थर, एखाद्या जुन्या पोथीची पानं कडेने दिसावीत तसे, आणि खूप खाली पक्ष्यांचे पांढरे ठिपके. दोन मिनिटं असतील. मिस्टर म्हणाले, "आता खरं बघायला मिळालं असतं." आणि आम्ही बसकडे निघालो. ती कंपनी कोणती ते लिहीत नाही. तिची चूक एवढीच, की तिने एका दिवसात चार ठिकाणं घातली होती.

दुसऱ्या सहलीत किलार्नीला दोन रात्री आणि गॉलवेला दोन रात्री होत्या. दुसऱ्या रात्री त्याच खोलीत परतायचं असलं की माणूस घरी आल्यासारखा बसतो. गुडघा दुखत असेल तर एखाद्या दिवशी सकाळी बसमध्ये न चढता गावातच राहता येतं. एका रात्रीच्या मुक्कामात ही मोकळीक नाही. दमलेल्या माणसालाही निघावंच लागतं.

आता भाषेचं. आईंना सांग, त्यांचं बरोबर आहे. "केल्टिक" हा शब्द या प्रदेशांना लागला तोच मुळी भाषांमुळे. एडवर्ड लुईड नावाच्या वेल्श विद्वानाने १७०७ साली या भाषांचं आपसातलं नातं मांडलं, आणि तिथून हे नाव रूढ होत गेलं. आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि आइल ऑफ मॅन बेटावरची मँक्स एका बाजूला, वेल्श, कॉर्नवॉलची कॉर्निश आणि फ्रान्समधल्या ब्रिटनीतली ब्रेटन दुसऱ्या बाजूला. बसमध्ये मात्र प्रत्येक जुन्या दगडाला केल्टिक म्हणतात. आयर्लंडमधलं न्यूग्रेंजचं थडगं इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं आहे, गिझाच्या पिरॅमिडांहून जुनं. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी उगवत्या सूर्याचा किरण त्याच्या दारावरच्या झरोक्यातून थेट आतल्या खोलीत जातो. बघण्यासारखंच आहे, पण ते बांधणाऱ्यांच्या काळी केल्टिक भाषा त्या बेटावर पोचलीही नव्हती.

भाषा ऐकायची तर गॉलवेहून पश्चिमेला, कॉनेमाराच्या किनाऱ्याने जाणारा दिवस कार्यक्रमात आहे का ते बघ. आयरिश बोलणाऱ्या या पट्ट्यांना गेल्टाख्त म्हणतात. सुरू झाला की रस्त्यावरच कळतं, पाट्यांवरचं इंग्रजी गळून जातं. 'वाट द्या' अशी पाटी एरवी इंग्रजीत असते, तिथे ती 'गेल श्ली' होते.

स्पिडल नावाच्या गावात आमची बस अर्धा तास थांबली. नणंद आणि मी एका दुकानात शिरलो. गल्ल्यामागे एक मुलगी, समोर दोन वयस्क बायका, तिघींच्या आयरिशमध्ये भरभरून गप्पा चाललेल्या. मला एक अक्षर कळलं नाही. पण एक बाई सांगत होती, दुसरी मधे मधे श्वास आत ओढून हुंकार देत होती, आणि ती मुलगी दोघींकडे बघत काहीतरी कागदात बांधत होती. आम्हाला पाहताच तिघी इंग्रजीत आल्या. क्षणात. कुणी सांगावं लागलं नाही. नणंद कळवळून म्हणाली, "नका हो थांबू, तुमचंच बोला." त्या हसल्या, पण गप्पांची ती लय पुन्हा काही जमली नाही.

निघताना त्या मुलीने आभार मानायला शिकवलं: "गुरव माह अगत." अर्थ विचारला तर म्हणाली, "तुझ्यापाशी चांगलं असो." त्यांच्याकडे 'माझं पुस्तक आहे' असं मालकीने सांगणारं क्रियापदच नाही, पुस्तक 'माझ्यापाशी असतं'. आपण 'माझ्याकडे पुस्तक आहे' म्हणतो तसंच. आणि 'हो'ला एक ठरलेला शब्दही नाही. 'आलास का?' असं विचारलं की 'आलो' म्हणायचं. आईंना हे वाचून दाखव.

प्रवासी४२

भाषेचं मला कळत नाही, व्हिसाचं सांगतो, कारण यात माणसं अडकतात.

आयर्लंडचं प्रजासत्ताक वेगळा देश, तिथे युरो चालतो. जायंट्स कॉजवे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये, तिथे पौंड. मधल्या सीमेवर नाका नाही, कुणी पासपोर्ट बघत नाही, बस सरळ पार होते. म्हणून लोकांना वाटतं व्हिसा नको. हवा असतो. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. व्हिसावर 'बीआयव्हीएस' असा शेरा असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं, पण ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात आधी उतरावं लागतं. तुमची दुसरी टूर डब्लिनला सुरू होत असेल तर आयर्लंडचाच व्हिसा काढा, आणि हातात आल्यावर तो शेरा आहे का ते त्याच दिवशी तपासा.

कार्डिफकर

नीलमोहर ताईंनी आयर्लंडचं छान लिहिलं. वेल्सची बाजू मी मांडतो. नऊ वर्षं इथे आहे, मुलगी वेल्श माध्यमाच्या शाळेत जाते आणि घरी आमच्याशी मराठी बोलते.

अबोली, उत्तर वेल्स वगळू नका, मग बाकी काहीही वगळा. आयरिश ऐकायला किनाऱ्यावरच्या पट्ट्यात जावं लागतं. उत्तर वेल्समधल्या काइर्नार्वन गावात बेकरीच्या रांगेत उभं राहिलं की वेल्श कानावर पडते, कुणी पाहुण्यांसाठी बोलत नसतं. शाळा सुटायच्या वेळी चौकात पाच मिनिटं बसा. पोरं एकमेकांवर वेल्शमध्ये ओरडत असतात, आणि भाषा जिवंत आहे याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. २०२१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी वेल्श येत असल्याचं नोंदवलं, म्हणजे १७.८ टक्के. उत्तर-पश्चिमेला प्रमाण याच्या कितीतरी पट.

तुमच्या आई शिक्षिका आहेत म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एकोणिसाव्या शतकात इथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे, 'वेल्श नॉट' म्हणून. दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं की तो त्याच्या गळ्यात जायचा, आणि दिवस संपताना ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. म्हणजे मुलांनीच एकमेकांवर पाळत ठेवायची. असा एक तुकडा मी काचेमागे पाहिलाय. हाताच्या पंजाहून लहान, कडा गुळगुळीत झालेल्या, वर भोक. मुलगी बरोबर होती, तिने विचारलं, "बाबा, मराठी बोललं तरी?" मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही, तिचा हात धरून पुढे गेलो एवढं आठवतं.

तिथून ही माणसं परत आली. १५८८ मध्ये विल्यम मॉर्गनने बायबल वेल्शमध्ये आणलं होतं, त्या आधारावर भाषा टिकून होती. १९६२ मध्ये वेल्श लेखक साँडर्स लुईस यांनी भाषेच्या भवितव्यावर रेडिओवर भाषण दिलं, त्यातून चळवळ उभी राहिली. १९८२ च्या नोव्हेंबरात वेल्शचं स्वतःचं दूरचित्रवाणी चॅनेल सुरू झालं, आणि त्यासाठी एका राजकीय नेत्याने, ग्विनवर एव्हन्स यांनी, आमरण उपोषणाची घोषणा केली होती. हे टूर लीडर सांगेलच असं नाही. आईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत रंगवलेलं 'आराव', म्हणजे 'सावकाश', दिसलं की त्यामागे काय आहे ते त्यांना जाणवेल.

एक करून बघा. बसचा ड्रायव्हर वेल्श निघाला तर त्याला वेल्श रेडिओ लावायला सांगा, 'रेडिओ कम्री'. आयर्लंडमध्ये 'रेडिओ ना गेल्टाख्ता' आहे, १९७२ पासून. बातम्या सुरू झाल्या की बाकी प्रवासी दहा मिनिटं सहन करतात. आणि आकडे म्हणायला सांगा. ईन, दाय, त्री, पेदवार, पिम्प, ख्वेख, साइथ, उइथ, नाऊ, देग. नऊला 'नाऊ'. मुलगी पहिल्यांदा शाळेतून हे म्हणत आली तेव्हा माझी आई इथे आली होती, ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, नऊच म्हणतेय ती!"

अबोली

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. 'वेल्श नॉट'पाशी तिने चष्मा काढून ठेवला. नंतर म्हणाली, "आम्ही पण बोलीतल्या शब्दांवर लाल रेघा मारल्या गं." त्यावर मी काही बोलू शकले नाही.

दुसरी टूर पक्की. त्यात गॉलवेला दोन रात्री आहेत, किलार्नीलाही दोन, कॉनेमाराचा दिवस आहे. काइर्नार्वनला दीड तास आहे, तो वाढवता येईल का विचारतेय.

नीलमोहर ताई, गुडघ्याच्या आणि जेवणाच्या दृष्टीने काय काय सांभाळू? आणि स्कॉटलंड सोडल्याची हळहळ वाटते, खरं सांगते.

नीलमोहर

हळहळ वाटणारच. ग्लेन्कोची दरी मी अजून विसरलेले नाही. पण गेलिक ऐकायची खरी जागा स्कॉटलंडच्या पश्चिमेची बाहेरची बेटं, आणि अशा १४ दिवसांच्या टूर तिकडे जात नाहीत. आईंना जे हवंय ते त्या फेरीत थोडंच मिळालं असतं. पुढच्या वेळेला फक्त स्कॉटलंड कर.

आता गुडघा. बसच्या पायऱ्या उंच असतात, तीन-चार. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि घाई करायची नाही. ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगून ठेव, बऱ्याच बसची पुढची बाजू खाली झुकवता येते. जागा रोज बदलतात बहुतेक टूरमध्ये, म्हणजे खिडकीवरून भांडण नको. सगळ्यात पुढची ओळ मिळाली तर दृश्य छान, पण समोर आडवी फळी असते, पाय लांब करता येत नाही. ताठ गुडघ्याला ते जड जातं, त्या दिवशी मागच्या कुणाशी अदलाबदल कर.

रिंग ऑफ केरी म्हणजे किलार्नीहून समुद्रकाठाने जाणारी गोल फेरी. तिथे रस्ता अरुंद आहे, म्हणून सगळ्या कोच एकाच दिशेने जातात, घड्याळाच्या उलट. त्यामुळे समुद्र उजव्या हाताला राहतो, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. जवळजवळ १८० किलोमीटरचा दिवस आहे, तेवढं लक्षात ठेव.

ब्लार्नीच्या किल्ल्यात लोक ज्याचं चुंबन घेतात तो दगड वर आहे, गोल अरुंद दगडी जिना. आईंना खाली बागेत बसव, बाग सुंदर आहे. न्यूग्रेंजची आतली वाट १९ मीटर, वाकून आणि अंग चोरून जावं लागतं. जायंट्स कॉजवेला वरून खाली खांबांपर्यंत उतार आहे, पण छोटी बस चालते, तिने जा. सुमारे ४० हजार दगडी खांब, बहुतेक षटकोनी. ओल्या खांबांवर मात्र चढू देऊ नकोस. किनाऱ्यावरून सगळं दिसतं.

स्वच्छतागृहाची काळजी नको. बसमध्ये असतं, पण फक्त अडचणीपुरतं. साधारण दोन तासांनी थांबतातच, आणि ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती कायद्यानेच घ्यावी लागते. बस थांबली की गरज असो-नसो जाऊन यायचं.

जेवण: बुकिंग करतानाच 'शाकाहारी, मासेही नाहीत' असं स्पष्ट लिहून दे, कारण तिथे काहींच्या लेखी मासे म्हणजे शाकाहार. भाज्यांच्या सुपाचा रस्सा मांसाचा नाही ना, दर वेळी विचारायचं. सोडा ब्रेड, भाजलेला बटाटा, लापशी कुठेही मिळते. वेल्समध्ये ग्लॅमॉर्गन सॉसेज म्हणून मिळतं, नावाने घाबरू नका, चीज, लीकची पात आणि पावाचा चुरा असतो. मला फार आवडलं.

आणि डब्लिनहून वेल्सच्या हॉलीहेड बंदराला बोटीने जाल तेव्हा सव्वातीन तास बसमध्ये बसू देत नाहीत, सगळ्यांना वर डेकवर जावं लागतं. खाली परतही येता येत नाही. गोळ्या, शाल, पाणी, गुडघ्याचा पट्टा, सगळं हातातल्या पिशवीत. आमच्या गोळ्यांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

अबोली

ताई, पिशवीची यादी आजच केली. आईने आकडे वहीत उतरवून घेतलेत. तिचा प्रश्न कार्डिफकर यांना: सात, नऊ, दहा जुळले, पण 'पेदवार' आणि आपलं 'चार' यांचं कसं जमायचं? ती दोन दिवस त्यावर अडून बसलीय.

कार्डिफकर

आईंना सांगा, संस्कृतचं 'चत्वारः' घ्या आणि आयरिशचं 'क्याहर' शेजारी ठेवा. मुळात 'क्व'सारखा एक ध्वनी होता. आपल्याकडे त्याचा इथे 'च' झाला, आयरिशमध्ये 'क' राहिला, वेल्शमध्ये 'प' झाला. आयरिशमध्ये मुलगा म्हणजे 'मॅक', वेल्शमध्ये 'माब', जुन्या वेल्शमध्ये 'माप'. केल्टिक भाषांची 'क'वाली आणि 'प'वाली अशी वाटणी करतात ती यावरूनच.

पाचाचंही करून बघायला सांगा त्यांना: पंच, कूग, पिम्प.